स्वयंनादी घंटा आणि ‘खेळणे’ नावाचा निवाडा

वेळ विचारायची झाली की आपण ‘किती वाजले?’ असे विचारतो. उत्तर तबकडीवरचे काटे पाहून द्यायचे असते, पण प्रश्न मात्र कानाचा असतो. ‘तास’ हा शब्दही मुळात धातूच्या थाळीचा. ती ठोकून वेळ जाहीर केली जाई, आणि पुढे थाळीचे नाव वेळेच्या मापाला चिकटले. (आम्हा अध्यापकांचा दिवस ज्या ‘तासां’त विभागला जातो, ते मूळचे ठोकण्याचे साधन आहे असे सांगितले, तर विद्यार्थ्यांना त्यात फारसे नवल वाटत नाही.) बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील घटका आणि प्रहर यांची गणती सविस्तर दिली आहे. उंचावर टांगलेली दोन बोटे जाडीची पितळी थाळी ठोकणाऱ्या घड्याळवाल्यांचेही त्याने वर्णन केले आहे. इंग्रजीतील ‘क्लॉक’ हा शब्दही घंटेच्याच कुळातला. जर्मन ‘ग्लोके’ आणि फ्रेंच ‘क्लोश’ ही त्याची भावंडे.

युरोपीय यांत्रिक घड्याळ चीनमध्ये पोचले, तेव्हा चिनी भाषेने त्याला दिलेले नावही असेच आहे : झिमिंगझोंग, म्हणजे आपणहून नाद करणारी घंटा, ‘स्वयंनादी घंटा’. या नावात काळ, वेळ, मापन यांपैकी काहीच नाही. आहे ते फक्त नवल : घंटा वाजते आणि वाजवणारा दिसत नाही. या नवलाचा जो संग्रह पेइचिंगच्या राजवाड्यात दोनशे वर्षे साठत गेला, त्याविषयी हा लेख आहे. त्याच संग्रहाकडे बोट दाखवून एका संपूर्ण संस्कृतीविषयी जो निवाडा दिला गेला, त्याविषयीही आहे.

आरंभ १६०१ सालचा. इटालियन जेझुइट मात्तेओ रिची याने मिंग सम्राट वानली याला दोन घड्याळे नजर केली. एक मोठे, वजनांवर चालणारे. दुसरे लहान, स्प्रिंगवर चालणारे. दरबारातील चार खोजांना ती चालवण्याचे शिक्षण घ्यावे लागले. चुकले तर गर्दन जाण्याचे भय, म्हणून ते प्रत्येक बारीकसारीक गोष्ट लिहून घेत होते. रिचीच्या वृत्तांतात एक मासलेवाईक हकीकत आहे. राजमातेने ही घंटा पाहण्याची इच्छा व्यक्त केली. तिला ती आवडली तर ती ठेवून घेईल अशी सम्राटाला धास्ती, आणि आईला नाही म्हणणे तर शक्य नाही. तेव्हा त्याने घंटेची चावी उतरवून ते यंत्र मुके करवले आणि मग तिच्याकडे पाठवले. न वाजणाऱ्या घंटेत राजमातेला रस वाटला नाही. तिने ती परत केली. जगातील बलाढ्य साम्राज्याचा अधिपती आपले घड्याळ आईपासून लपवतो, ही गोष्ट कोणत्याही काळच्या संग्राहकाला ओळखीची वाटावी. रिचीला पेइचिंगमध्ये राहण्याची मुभा मिळाली. यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार, हा विचार त्यामागे मोठा होता. पुढे शांघायच्या घड्याळजींनी या ख्रिस्ती धर्मोपदेशकाला आपल्या धंद्याचे दैवत मानून त्याची पूजा चालवली. धर्मांतर नेमके कोणी कोणाचे केले, असा प्रश्न येथे पडतो.

मिंग गेले, छिंग घराणे आले. कांगशी सम्राटाच्या काळात राजवाड्यात घड्याळांसाठी स्वतंत्र विभाग झाला. त्याचा नातू छियानलोंग (राज्यकाल १७३५ ते १७९६) याने त्या छंदाला वेडाचे रूप दिले. राजवाड्याच्या कर्मशाळेत चिनी कारागीर आणि युरोपीय जेझुइट शेजारी शेजारी बसून काम करीत. फ्रेंच जेझुइट व्हाँताव्हाँ १७६६ मध्ये चीनला आला. १७६९ च्या एका पत्रात तो कुरकुरतो, की आपल्याला घड्याळजी म्हणून बोलावले खरे, पण आपण आहोत कळसूत्री यंत्रे बनवणारे. कारण सम्राट घड्याळे मागत नाही, चमत्कारिक यंत्रे मागतो. त्याच्या आधीच्या तेबो नावाच्या धर्मबंधूने तीस-चाळीस पावले आपणहून चालणारे सिंह व वाघ बनवले होते. स्वतः व्हाँताव्हाँकडे आता फुलदाणी घेऊन चालणाऱ्या दोन माणसांचे काम आले होते. आठ महिने झाले होते आणि अजून वर्ष लागणार होते.

या संग्रहातील एका घड्याळापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. ते लंडनच्या टिमथी विल्यमसनने बनवले. उंची २३१ सेंटिमीटर, सोनेरी मुलामा दिलेले तांबे, चार मजल्यांचा मनोरा. सर्वांत वर दोन आकृती फिरत फिरत एक गुंडाळी उलगडतात. तीवर सम्राटाला दीर्घायुष्य चिंतिलेले असते. त्याखाली घंटानाद करणारी आकृती. त्याखाली घड्याळाची तबकडी. आणि तळमजल्यावर एक गुडघा टेकून बसलेला युरोपीय पोशाखातील गृहस्थ, हातात चिनी कुंचला. चावी दिली की तो डोके हलवीत हलवीत समोरच्या कागदावर आठ चिनी अक्षरे लिहितो. हाताच्या हालचाली ठरतात त्या कडा वरखाली कापलेल्या तीन चकत्यांवर. एक कुंचला आडवा नेते, दुसरी उभा, तिसरी तो कागदावर टेकवते वा उचलते. या तिसऱ्या चकतीमुळेच चिनी लिपीतील रेघेचा जाड-बारीकपणा साधतो. लिहिलेल्या अक्षरांचा आशय असा, की आठही दिशांचे लोक सुसंस्कृत होण्यासाठी येतात आणि सर्व देश सम्राटाला वंदन करण्यास येतात.

म्हणजे लंडनच्या कारागिराने लंडनमध्ये बसून असे एक यंत्र बनवले, की ज्यातील युरोपीय मनुष्य गुडघा टेकतो आणि जगाने चिनी सम्राटापुढे वाकावे असे सुवाच्य अक्षरांत लिहून देतो. गिऱ्हाइकाला काय हवे याचे इतके अचूक भान क्वचितच आढळते. आणखी एक तपशील नोंदवण्यासारखा आहे. लिहिण्याची यंत्रणा आणि वेळ दाखवण्याची यंत्रणा यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. दोहोंना चावी वेगवेगळी द्यावी लागते. तो गृहस्थ बारा वाजता लिहीत नाही, तुम्ही सांगाल तेव्हा लिहितो.

या तपशिलावरच पुढचा निवाडा उभा राहिला. कार्लो चिपोला यांचा घड्याळे आणि संस्कृती यांवरील ग्रंथ १९६७ मध्ये आला, डेव्हिड लँडिस यांचा ‘रेव्होल्यूशन इन टाइम’ १९८३ मध्ये. दोन्ही ग्रंथ विद्वत्तापूर्ण आहेत आणि आजही वाचनीय आहेत. त्यांतून जे चित्र साधारण शिक्षित मनावर उमटले ते असे : युरोपने घड्याळ हाती घेऊन काळाला शिस्त लावली, कारखाने उभारले, समुद्रावर रेखांश मोजले, चीनने तेच यंत्र हाती घेऊन त्याचे खेळणे केले. चिनी भूमीत घड्याळाचा पूर्वेतिहास नव्हता असेही नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस सू सोंग याने कायफेंगमध्ये उभारलेल्या पाण्यावर चालणाऱ्या खगोलीय मनोऱ्याची कथा जोसेफ नीडम यांनी सहकाऱ्यांसह १९६० मध्ये जगापुढे आणली होती. लँडिस यांनी त्याही मनोऱ्याची बोळवण ‘भव्य, पण पुढे वाट नसलेली गल्ली’ अशा अर्थाच्या शब्दांत केली.

‘खेळणे’ हा शब्द येथे वर्णन म्हणून येतो आणि न्यायनिवाडा करून जातो. साहित्याच्या अभ्यासकाने थांबायचे ते अशाच शब्दापाशी. हे खेळणे बनवले कोणी, आणि ते प्रथम डोळे विस्फारून पाहिले कोणी, हे प्रश्न त्या शब्दाच्या आड दडून राहतात.

चीनला जाणाऱ्या अशा यंत्रांचा सर्वांत प्रसिद्ध व्यापारी म्हणजे लंडनचा जेम्स कॉक्स. त्याने १७७२ मध्ये स्प्रिंग गार्डन्स येथे आपल्या रत्नखचित कळसूत्री वस्तूंचे ‘म्युझियम’ उघडले. प्रवेश अर्धा गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग. सामान्य मजुराच्या आवाक्याबाहेरची रक्कम. तरी लंडनचे प्रतिष्ठित जग तेथे लोटले. त्या माललाटेची सोडत काढता यावी म्हणून १७७३ मध्ये पार्लमेंटने खास कायदा केला, आणि १७७५ मध्ये ती सोडत निघाली. तरीही १७७८ मध्ये कॉक्सचे दिवाळे वाजलेच. त्याच्या मालापैकी रुपेरी हंस, जो मान वळवून मासा टिपतो, तो १८७२ मध्ये जॉन बोज या इंग्रज संग्राहकाने २०० पौंडांना घेतला. तो आज बोज म्युझियमचे भूषण आहे. त्याचा सोनेरी मोर पोटेमकिनमार्फत रशियाच्या कॅथरीनकडे गेला आणि आज हर्मिटाजमध्ये आहे. बोज किंवा कॅथरीन यांच्या संग्रहावरून इंग्लंड वा रशिया काळाविषयी बेफिकीर होता, असा निष्कर्ष कोणी काढल्याचे ऐकिवात नाही.

कॉक्सच्या म्युझियममध्ये फॅनी बर्नीने आपल्या ‘इव्हेलिना’ (१७७८) या कादंबरीतील पात्रांना नेले आहे. एक अननस अकस्मात उघडतो, आत पक्ष्यांचे घरटे निघते आणि पक्षी गाऊ लागतात. मादाम दुव्हाल हर्षभरित होते. कॅप्टन मिर्व्हन दाखवणाऱ्यालाच धारेवर धरतो, की या सगळ्याचा उपयोग काय? आणि इव्हेलिना, जी या कादंबरीत बहुधा सर्वांत समंजस आहे, ती म्हणते की हे सारे सुंदर आहे, कौशल्याचे आहे, पण काहीतरी कमी वाटते. चिनी सम्राटाच्या संग्रहाविषयी पुढे जो ‘उपयोग काय’ हा प्रश्न विचारला गेला, तो मुळात लंडनमधला, लंडनच्याच मालाविषयीचा घरगुती वाद होता.

आता याच शतकातील चिनी कादंबरीकडे वळू. छाओ श्वेछिनची ‘होंगलौ मंग’, इंग्रजी भाषांतरांमुळे ‘ड्रीम ऑफ द रेड चेंबर’ या नावाने आपल्याकडे परिचित झालेली. तिच्या सहाव्या प्रकरणात लिऊ आजी ही खेड्यातील म्हातारी जिया घराण्याच्या वाड्यात येते. तिला पीठ चाळण्यासारखा एकसारखा आवाज ऐकू येतो. दिवाणखान्याच्या खांबावर एक पेटी लटकते आहे आणि तिच्याखाली तराजूच्या वजनासारखे काहीतरी सतत हलते आहे. हे काय असावे असा ती विचार करते, तोच ठणकन् आवाज होतो, आणि पाठोपाठ आणखी आठ-नऊ ठोके. म्हातारी दचकते. हा प्रसंग उद्धृत करणारे पुष्कळ आहेत. ‘पौर्वात्य विस्मया’चा तो आयता नमुना. परंतु विस्मय वाटतो तो खेडवळ पाहुणीला. वाड्यातील लोक ते ठोके ऐकून आपापल्या कामाला लागतात, कारण मालकीण येण्याची वेळ झालेली असते.

ती मालकीण वांग शीफेंग. चौदाव्या प्रकरणात शेजारच्या वाड्यातील एका मोठ्या अंत्यविधीची व्यवस्था तिच्यावर सोपवली जाते, आणि ती नोकरांना बजावते, की माझ्या माणसांजवळ घड्याळे असतात, तुमच्या मालकांच्या दालनातही घड्याळ आहे, आणि प्रत्येक कामाला वेळ ठरलेली आहे. हजेरी पहाटे साडेसहाला, न्याहारी दहाला, रात्रीची फेरी सातच्या सुमारास. एक नोकर उशिरा येतो. त्याला वीस फटके आणि महिन्याचा पगार बंद. ई. पी. टॉमसन यांचा काळ, श्रमशिस्त आणि औद्योगिक भांडवलशाही यांवरील १९६७ चा निबंध ज्यांनी वाचला आहे, त्यांना क्राउली लोखंड कारखान्याची नियमावली येथे आठवल्यावाचून राहणार नाही. गंमत अशी, की इंग्रजी कादंबरीत कळसूत्री यंत्र अननसातून पक्षी काढते, आणि चिनी कादंबरीत घड्याळ नोकराच्या पाठीवर फटके उमटवते.

कादंबरी हा इतिहासाचा सरळ पुरावा नव्हे, हे मान्य. जिया घराणे अतिश्रीमंत आहे. त्याच्या वाड्यावरून चीनच्या शेतकऱ्याचा दिवस कळत नाही. सूचौ आणि क्वांगचौ येथे घड्याळे बनत होती, तरी लंडन किंवा जिनिव्हासारखा घड्याळधंदा चीनमध्ये उभा राहिला नाही, हे लँडिस यांचे म्हणणेही खरे आहे. पण ‘उपयोग कळला नाही’ हे म्हणणे टिकत नाही. दिवसाचे बारा समान भाग चीनमध्ये पूर्वापार होते; प्रत्येक भाग आपल्या दोन तासांचा. सतराव्या शतकाच्या मध्यावर जेझुइटांनी पंचांगात सुधारणा केली. त्यानंतर दिवसाचे ९६ ‘क’ झाले, म्हणजे एक ‘क’ बरोबर पंधरा मिनिटांचा. युरोपीय तबकडी या गणतीवर जवळजवळ जशीच्या तशी बसते. आपल्या साठ घटकांच्या दिवसाशी तिचा मेळ घालणे त्यामानाने कठीण, कारण तासाच्या होतात अडीच घटका.

याच कादंबरीच्या ब्याण्णवाव्या प्रकरणात घड्याळ तिसऱ्यांदा येते. ही प्रकरणे छाओ श्वेछिनची की दुसऱ्या हातची, हा वाद येथे बाजूला ठेवू. फंग झियिंग हा परिचित गृहस्थ चार मौल्यवान वस्तू विकावयास आणतो. त्यांत तीन फुटांहून उंच एक घड्याळ आहे. त्यातील छोटा मुलगा वेळेची पाटी धरतो, आणि आत वाद्यवृंद वाजवणाऱ्या बाहुल्या आहेत. घड्याळ आणि एक कोरीव पडदा मिळून पाच हजार ताएल चांदी. चारही वस्तूंचे वीस हजार. जिया घराणे घेत नाही. खजिना आटत आला आहे, हे वाचकाला तेथे कळून चुकते. स्वयंनादी घंटेची किंमत देशाला किती पडते, याचा विचार चिनी लेखणीने केलाच नव्हता असे कोण म्हणेल?

किंमत खरोखरच मोठी होती, आणि ती कोण भरत होते हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजांना चहा हवा होता, आणि चिनी व्यापाऱ्यांना इंग्रजी मालापैकी फारच थोडा. चहापायी चांदी वाहून जात होती. ज्या मोजक्या वस्तू क्वांगचौच्या बंदरात खपत, त्यांत ही घड्याळे होती. बंदरातील मोडक्या इंग्रजीत त्यांना ‘सिंग-साँग’ म्हणत. तेथील जकात अधिकाऱ्याला सम्राटाकडे नजराणे पाठवायचे असत. तो ती घड्याळे परवानाधारक चिनी व्यापाऱ्यांकडून नाममात्र किमतीत उपटे, आणि हे व्यापारी त्यासाठी कर्जात बुडत. सम्राटाच्या दालनातील प्रत्येक गाणाऱ्या पक्ष्यामागे असा एखादा नागवलेला व्यापारी असण्याचा संभव आहे. छियानलोंगच्या छंदाचे गोडवे गाताना हे विसरू नये.

१७९३ मध्ये तिसऱ्या जॉर्जचा वकील लॉर्ड मॅकार्टनी चीनला आला, तो विज्ञानयंत्रांचे नजराणे घेऊन. त्यांत ग्रहमालेचे एक अवाढव्य यंत्र होते. जेहोलच्या उद्यानातील मंडप त्याला दाखवण्यात आले. तेथील गोल, ग्रहयंत्रे, घड्याळे आणि गाणारी कळसूत्री यंत्रे पाहून आपल्या नजराण्यांना मान खाली घालावी लागेल, असे त्याने स्वतःच आपल्या रोजनिशीत नोंदवले. सम्राटाने जॉर्जला दिलेल्या उत्तरात मात्र म्हटले, की विचित्र आणि कुशल वस्तूंचे आम्हाला मोल नाही आणि तुमच्या देशाच्या मालाची आम्हाला गरज नाही. हे लिहवून घेणारा मनुष्य अशा वस्तूंचा जगातील बहुधा सर्वांत मोठा संग्राहक होता. या वाक्यावर पुढे चीनच्या ‘बंदिस्तपणा’चे ग्रंथ उभे राहिले. मला ते वाक्य अधिक साधे वाटते : संग्राहक विक्रेत्यासमोर आपली हौस कधीच उघड करत नाही.

छियानलोंग १७९९ मध्ये वारला. त्याचा मुलगा जियाछिंग याला या वस्तूंचे प्रेम नव्हते. सिंग-साँगची बाजारपेठ आधीच मालाने तुंबली होती. ती आता बसली. तोवर विक्रेत्यांना दुसरा माल सापडला होता.

येथे ही कथा आपल्या किनाऱ्याला लागते. जेम्स कॉक्सचा मुलगा जॉन हेन्री कॉक्स १७८१ मध्ये बापाची न खपलेली यंत्रे विकण्यासाठी क्वांगचौला गेला. १७८२ मध्ये त्याने तेथे भागीदारीत पेढी काढली. हिंदुस्थानातून कापूस आणि अफू नेण्याचा व्यापार त्या पेढीच्या हाती येत गेला. कॉक्स १७९१ मध्ये मरण पावला, भागीदार बदलत गेले. बील आले, मग मॅग्निअॅक आले. हेही घराणे लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये चीनसाठी घड्याळे बनवणाऱ्यांचे. १८३२ मध्ये त्या पेढीला जे नाव मिळाले ते जगाला ठाऊक आहे : जार्डिन मॅथिसन. माळव्याची अफू मुंबई बंदरातून तिच्याकडे जाई, आणि मुंबईतील तिचे सर्वांत मोठे सहकारी होते जमशेटजी जीजीभाई. विल्यम जार्डिन आणि जमशेटजी यांची ओळख १८०५ मध्ये ‘ब्रन्सविक’ या जहाजावरची. जार्डिन तेव्हा जहाजाचा डॉक्टर होता, आणि ते जहाज फ्रेंचांनी पकडले. पुढे त्या व्यापाराच्या पैशातून मुंबईत रुग्णालय उभे राहिले (१८४५) आणि कलाशाळाही (१८५७). मराठी चित्रकलेचा इतिहास लिहिताना आपण या शाळेपासून आरंभ करतो, ते योग्यच आहे. पण तिच्या पायाखालून एक धागा क्वांगचौला आणि तेथून कॉक्सच्या गाणाऱ्या पक्ष्यांपर्यंत जातो, हेही त्या इतिहासात एका ओळीने यावयास हरकत नाही.

‘चीनने घड्याळाचे खेळणे केले’ हे वाक्य या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचून पाहावे. खेळणी लंडनमध्ये बनत होती. ती तशी बनवली जात, कारण त्यांना चहाच्या तोलाची किंमत येई. ती खपेनाशी झाली तेव्हा त्याच दुकानाने दुसरा माल मांडला, आणि तो चीनने नाकारला तेव्हा युद्धनौका आल्या. आधीच्या मालाला ‘खेळणे’ म्हणणे हे त्यानंतर सोयीचे झाले.

दुसऱ्या युद्धात, ऑक्टोबर १८६० मध्ये, फ्रेंच आणि ब्रिटिश सैन्याने पेइचिंगजवळील युआनमिंग युआन हे उद्यानप्रासाद लुटले. ब्रिटिशांनी मग ते जाळले. फ्रेंच सेनापतीच्या दिमतीतील काउंट देरिसों याने त्या रात्रीच्या छावणीचे वर्णन ठेवले आहे. लुटीत सैनिकांच्या हाती कळसूत्री यंत्रे पडली होती, आणि जो तो आपल्या यंत्राला चावी देत होता. ससे, माकडे, पक्षी, वाद्यपेट्या, घड्याळांचे ठोके, सारे एकाच वेळी वाजत होते आणि मोठी माणसे त्यांत रंगून गेली होती.

राजवाड्यातील संग्रह मात्र बराचसा वाचला. आज तेथील संग्रहालयात हजाराहून अधिक घड्याळे आहेत, आणि छिंग कर्मशाळेपासून गुरुशिष्य परंपरेने चालत आलेला दुरुस्ती विभागही आहे. १९७७ पासून तेथे काम करणारे वांग जिन हे घड्याळजी २०१६ मधील एका माहितीपटामुळे चीनभर प्रसिद्ध झाले. या वस्तूंपैकी २३ वस्तू २०२४ मध्ये, फेब्रुवारी ते जून, लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मांडल्या गेल्या. त्यांतील कित्येक त्याच शहरात घडलेल्या. प्रदर्शनाला इंग्रजी नाव नव्हते असे नाही, पण ते दुय्यम होते. मोठ्या अक्षरांत लिहिले होते ते चिनी नाव : झिमिंगझोंग.